चूक तपासण्याआधी घरची भाषा विचारा

गोव्यातल्या मराठी शाळेत पहिलीच्या एकाच बाकावर कोकणी, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं बसतात. तिघांच्या वह्यांत चुका दिसल्या की ‘कच्चं आहे’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रवेशाच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना असतो, पण शाळेला बरं वाटेल तेच पालक पुष्कळदा त्यात भरतात. त्यापेक्षा मुलालाच विचारावं, ‘आजी कुठल्या भाषेत रागावते?’

कन्नड घरातलं मूल ‘भाजी’ला ‘बाजी’ म्हणतं, कारण बोली कन्नडमध्ये महाप्राण, म्हणजे ‘ख’, ‘घ’, ‘भ’ यांसारखे हवेच्या झोतानं म्हणायचे वर्ण, फारसे उच्चारले जात नाहीत. हिंदीत ‘ळ’ आणि नपुंसकलिंग दोन्ही नाहीत, म्हणून ‘फळा’चा ‘फला’ होतो. कोकणीत लहान मुलींसाठी नपुंसकलिंग वापरतात, म्हणून ‘माझं बहीण आलं’. यावर लाल रेघ मारू नये. ‘हो का, तुझी बहीण आली?’ असं बोलण्याच्या ओघात म्हणावं. योग्य रूप कानावर पडत राहिलं की ते हळूहळू जिभेवर येतं.

महाप्राणाचं काम मात्र वेळ घेतं, आणि ते कानापासूनच सुरू करावं. खडा–कडा, फळ–पळ, घडी–गडी अशा जोड्या पाठमोरं उभं राहून म्हणाव्यात, म्हणजे मूल ओठ बघून ओळखणार नाही. शब्द वेगळे की सारखे, एवढंच त्यानं सांगायचं. तीन-चार मुलांचा गट आणि रोज पाच मिनिटं पुरतात. फरक ऐकू यायला लागला की तोंडासमोर चार बोटांच्या अंतरावर कागदाची पट्टी धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणायला लावावं. ‘ख’ला पट्टी जास्त हलते. ‘भ’ आणि ‘घ’ नंतर घ्यावेत, त्यांत झोत तितका स्पष्ट कळत नाही. कानाला फरकच कळत नसेल, तर ‘भाजी’ दहादा लिहून घेणं व्यर्थ आहे. मूल ‘बाजी’ म्हणतच ते उतरवतं.

भ–म आणि घ–ध यांचा घोटाळा बहुतेक आकाराचा असतो. ‘ग म भ न’ एकत्र शिकवायची पद्धत जुनी आहे, तरी ‘म’ पक्का झाल्याशिवाय मी ‘भ’ घेत नाही.

घरच्या भाषेतही यमक जुळवणं किंवा शब्दाचा पहिला आवाज ओळखणं जमत नसेल, तर अडचण मराठीची नाही. तेव्हा आधी कान तपासून घ्यावेत, पावसाळ्यात सर्दीनं कान दडले असतील तर हमखास. अध्ययन अक्षमतेला, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातल्या मूळच्या अडचणीला, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, पण तो शिक्का पहिलीत शिक्षकानं मारायचा नसतो. महिनाभराच्या चुका तारखेसह लिहून ठेवाव्यात आणि तपासणीला जाताना पालकांच्या हाती द्याव्यात.