नाजूक मानेची दाढी: ब्रश, साबण आणि एक ब्लेड

माझे गाल सगळं सोसतात. रडते ती मान. दाढी केली की तासाभरात कंठमण्याखालचा भाग लाल व्हायचा, बारीक पुटकुळ्या यायच्या, कॉलर घासली की चुरचुरायचं, आणि एखादा केस कातडीच्या आतल्या आत वळून बसायचा. 'संवेदनशील त्वचेसाठी' असं डब्यावर छापलेले जेल आणि फोम आणून झाले. रेझरमधली ब्लेडं दोनाची तीन, तिनाची पाच झाली. आग कमी झाली नाही.

जास्त ब्लेडांचं गणित समजल्यावर मी पारंपरिक दाढीकडे वळलो. अशा रेझरमध्ये पहिलं ब्लेड केस किंचित ओढून कापतं आणि तो परत आत जाण्याआधीच पुढचं ब्लेड आणखी खालून कापतं. हात फिरवला की गाल तुळतुळीत लागतो, पण कापलेलं टोक कातडीच्या पातळीखाली गेलेलं असतं. केस वळणदार असला तर तो बाहेर यायच्या ऐवजी आतच टोचतो. शिवाय एकदा रेझर फिरवला की कातडीवरून पाच धारा जातात, तो हिशेब वेगळाच.

म्हणून साधा दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घेतला. किंग कँप जिलेट यांना १९०४ साली ज्या रेझरचं अमेरिकन पेटंट मिळालं, त्याच घराण्यातला. निवडताना एवढंच पाहिलं की ब्लेडखालची पट्टी दातेरी नसावी आणि ब्लेडची धार फार बाहेर डोकावू नये. हाताला जरा जड लागेल असा घेतला. ब्लेडं मात्र तीन-चार प्रकारची आणली, कारण एकाला मानवलेलं ब्लेड दुसऱ्याला मानवेलच असं नाही. 'नाजूक त्वचेला कमी धारदार ब्लेड बरं' हा समज मला तरी पटला नाही. बोथट ब्लेड केस कापत नाही, ओढतं.

फेस करणं हे या प्रकारातलं खरं शिकण्याचं काम. आंघोळीनंतर लगेच दाढीला बसायचं, कारण दोन-तीन मिनिटं कोमट पाणी प्यायलेला केस मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. सिंथेटिक ब्रश भिजत ठेवावा लागत नाही आणि लवकर वाळतो, म्हणून तोच घेतला. ओला करून झटकायचा आणि साबणावर अर्धा मिनिट तरी गोल फिरवायचा. ब्रशच्या केसांवर जाडसर, चिकट लेप दिसला की ब्रश गालावर आणायचा आणि मग पाणी थेंबाथेंबाने वाढवायचं. मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी पडला. फेस जाड पण कोरडा, निस्तेज दिसला तर पाणी कमी. जमलेल्या फेसाला ओल्या ऑइलपेंटसारखी चकाकी येते, आणि बोटांत धरला तर बोटं एकमेकांवरून सुळकन घसरतात. ही घसरणच कातडी वाचवते. नुसता पांढराशुभ्र ढीग दिसायला छान, कामाला शून्य.

माझ्याकडचं पाणी जड आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, त्यामुळे फेस फाटतो आणि भांड्याला राप चढतो. आरओ फिल्टरचं वाटीभर पाणी फक्त फेसासाठी बाजूला काढायला लागलो, तेव्हा तोच साबण निराळा वाटायला लागला. महाग साबण घेण्याआधी पाणी तपासा, असं मी कुणालाही सांगेन.

आता मान. दाढी थोडी वाढू दिली आणि आरशासमोर बोटांची टोकं मानेवरून चारी दिशांनी फिरवली. जिकडे जाताना बोट अडतं ती उलट बाजू, जिकडे सरकतं ती सुलट. कागदावर चेहरा काढून बाण मारत गेलो. गालांवरचे बाण मुकाट खाली गेले. मानेवर उजवीकडचे केस तिरके कानाकडे, डावीकडचे चक्क खालून वर, आणि मधे एक भोवरा! म्हणजे डाव्या मानेवर वरून खाली रेझर ओढणं हाच तिथला उलटा हात होता. इतकी वर्षं आग का होते, याचं निम्मं उत्तर त्या कागदावर मिळालं. रेझर, साबण, ब्रश यांतलं काही बदलायचं नसलं, तरी एवढा कागद प्रत्येकाने करावा.

रेझर धरण्यात फार विद्या नाही, सवय आहे. रेझरचं डोकं गालाला टेकवायचं, मूठ आडवी धरायची आणि केस कापल्याची बारीक करकर ऐकू येईपर्यंत ती हळूहळू खाली आणायची. ब्लेड आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन होतो. मूठ शेवटच्या टोकाकडे, नुसत्या बोटांत धरली की दाबायची इच्छा असली तरी दाबता येत नाही. रेझरच्या वजनावर काम होतं. छोटे, इंचभराचे हात. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. बोटं ओली असल्याने सटकतात, त्यासाठी ती तुरटीवर घासून घेतली की पकड येते.

पहिला हात सुलट. परत फेस लावून दुसरा हात आडवा. मानेवर तिसरा नाहीच. उलटा हात मारला की तुळतुळीत होते, मान्य आहे, पण माझ्या मानेला ते झेपत नाही. संध्याकाळी बोटाला खरखर लागते. लागू दे. फेस नसलेल्या जागी 'एवढा एकच केस राहिलाय' म्हणून रेझर फिरवायचा नाही, हाही नियम कडक पाळतो.

शेवटी गार पाणी आणि ओल्या कातडीवर तुरटीचा खडा. जिथे झोंबतं तिथे आज दाब जास्त पडला, एवढं तुरटी बिनचूक सांगते. मिनिटभराने ती धुऊन टाकायची, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह बंद. नवा साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक-दोन दिवस लावून बघतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. साबण आणि ब्लेड एकदम बदललं तर पुरळ कशाने आलं ते कळणार कसं?

ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर फेकतो, ओढायला लागलं तर त्याआधीच. टॉवेलने पुसत नाही, पाण्याखाली धरून झटकतो. वापरलेली ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डबीत टाकतो. पुटकुळ्या पिकल्या असतील तर दाढीला सुट्टी, आणि पू किंवा काळे डाग राहायला लागले तर त्वचेचे डॉक्टर गाठावेत, तिथे साबण बदलून भागत नाही.

मानेची आग आता क्वचित होते. ओठांखालच्या खळगीत मात्र अजून अधूनमधून रक्ताचा ठिपका येतोच. विमानात हातातल्या सामानात ही ब्लेडं नेऊ देत नाहीत, त्यामुळे छोट्या प्रवासाला निघताना दाढी उरकून घेतो आणि परत येईपर्यंत वाढू देतो.