तुम्ही विचारलंत म्हणून: लेह सोडून आटगाव का?

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतोच. "एवढी सायकल चालवता, मग मनाली-लेह का नाही करत? त्या शहापूर-आटगावच्या धुळीत काय ठेवलंय?"

खरं कारण अगदी फालतू होतं. रजा शिल्लक नव्हती. जानेवारीतल्या एका रविवारी शहापूर तालुक्यात १६० किलोमीटरची राइड होती आणि वेळ होता १४ तासांचा. डांबर कमी, बाकी मुरूम, खडी आणि बैलगाडीच्या वाटा. आयोजकांकडून मिळते फक्त रूटची फाइल. पंक्चर, पाणी, पोट, सगळं ज्याचं त्याने बघायचं. घाटकोपरहून पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यात सायकल टाकली की झालं, असा माझा हिशोब.

मुरूम तसा भला असतो. ४० मिलिमीटरच्या टायरमधली थोडी हवा कमी केली की सायकल त्यावर गुपचूप चालते. वैर धरते ती नव्याने अंथरलेली काळी खडी. गेल्या जानेवारीत साठाव्या किलोमीटरला तिने टायरची बाजूच कापली. टायर ट्यूबलेस; आतलं भोकं बुजवणारं पांढरं सीलंट पिंढरीवर फवारलं, पण भोक काही बुजेना. मग बांधावर पडलेल्या सिमेंटच्या गोणीचा चार बोटं तुकडा कापला, दुमडून टायरला आतून लावला आणि ट्यूब घातली. उरलेले शंभर किलोमीटर त्या गोणीवर निघाले. महागड्या टायरची इतकी फजिती झाली याचा, का कोण जाणे, मला आनंदच झाला.

पुढे तानसाच्या अलीकडे एका पाड्यावर पाणी संपलं. हापशीवर एक आजी होत्या. मी बाटली धरली, त्यांनी दांडा मारला. कुठून आलास म्हणाल्या. मुंबई म्हटल्यावर हसल्या. "धरण हितं, पाणी तुमचं. आमची विहीर होळीपर्यंत." तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. त्याचे जाडजूड पाइप घाटकोपरला माझ्या घरामागून जातात. लहानपणी त्यांच्यावर चढून आम्ही पतंग पकडायचो. ते येतात कुठून, हे बघायला मला चाळिशी गाठावी लागली. आजींना काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही. बाटलीचं झाकण लावलं आणि निघालो.

आणि लेहमध्ये नसलेली एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे आटगाव स्टेशन. ११० किलोमीटर झालेत, ढुंगण सोललंय, तोंडात माती, आणि वाट नेमकी रुळांच्या कडेने जाते. मुंबईकडे जाणारी लोकल भोंगा देते. ती पकडली की दोनेक तासांत घरी आंघोळ, वरणभात. डोंगरात दमलात तरी पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. इथे दर पाऊण तासाला कुणीतरी "चल, बस आत" म्हणतं. पहिल्या वर्षी मी बसलो. लगेज डब्यात भाजीच्या रिकाम्या टोपल्यांना टेकून कल्याणपर्यंत झोपलोसुद्धा.

गेल्या जानेवारीत, त्या गोणीवर, आटगाव आलं तेव्हा फलाटाकडे पाहिलंच नाही. तेरा तास चाळीस मिनिटं लागली.

लेहला जायचंय की. रजा साठवतोय. फक्त जानेवारीतली नाही.