बडबडगीत लिहिताना आधी ठेका

लहान मुलांसाठी कविता लिहायची म्हणजे सोपे शब्द निवडायचे, असा बहुतेकांचा समज असतो. पण शब्द सोपे असूनही कविता मुलांच्या तोंडात बसत नाही, कारण ठेका जमलेला नसतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला अर्थ नंतर कळतो, आधी कळते ती लय. म्हणून विषय सुचला की शब्दांच्या आधी ठेका ठरवावा.

सुरुवातीला आठ मात्रांची ओळ घ्यावी, म्हणजे चार-चारचे दोन गट आणि प्रत्येक गटावर एक टाळी. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेचे माप. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही दोन मात्रांचे होते. ‘हत्ती’मधला ‘ह’ असा जड होतो. ‘तुझ्या’ किंवा ‘तुम्ही’मधल्या ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून तो एकाच मात्रेचा राहतो. इथे नियमापेक्षा कानावर विश्वास ठेवावा.

‘हत्ती शिंकला’ ही साधी ओळ पाहा. ‘हत्ती’ चार मात्रांचा, पण ‘शिंकला’ पाच, कारण अनुस्वारामुळे ‘शिं’च्या दोन मात्रा होतात. टाळी वाजवत म्हटले की शेवटी अडखळायला होते. ‘शिंके हत्ती’ केले की चार-चार जुळतात. असे आठ मात्रांचे दोन तुकडे एका ओळीत सलग ठेवले की असे होते:

शिंके हत्ती, आक्‌छी! आक्‌छी!
झाडावरचे उडले पक्षी!

‘आक्‌छी’ आणि ‘पक्षी’ हे यमक मला आवडते, कारण ते ओढूनताणून आणलेले नाही. शिंकेतूनच पक्षी उडाले, म्हणजे यमकानेच पुढची घटना दिली. आता हत्तीच्या शिंकेचे तुषार मुंगीवर पडतात. तिला वाटणार, पाऊस आला. इथे पहिल्या झटक्यात असे काहीतरी लिहून होते:

मुंगी म्हणते, पाउस आला!
छत्री माझी द्या हो मजला!

मात्रा मोजल्या तर बिनचूक आहेत, तरी कडवे फसले आहे. ‘मजला’ कुठलेही मूल बोलत नाही. तो फक्त यमकासाठी आला. ‘हो’ मात्रा भरायला आला. आणि छत्री मागण्यात गंमतही नाही, ते कुणालाही सुचले असते. मुंगीच्या जागी जाऊन विचार केला तर तिला खरा प्रश्न वेगळाच पडेल:

मुंगी म्हणते, पाउस पडला!
पण ढग कोठे जाउन दडला?

‘आला–मजला’मध्ये फक्त ‘ला’ जुळतो. ‘पडला–दडला’मध्ये ‘डला’ जुळतो, त्यामुळे कानाला भरल्यासारखे वाटते. आला, गेला, केला अशी नुसत्या क्रियापदांच्या शेवटांची यमके फार पटकन सुचतात आणि तितक्याच पटकन कंटाळवाणी होतात. निदान दोन अक्षरे जुळावीत. ‘पाऊस’चा ‘पाउस’ आणि ‘जाऊन’चा ‘जाउन’ ही कवितेतली जुनी सवलत आहे, पण एका कडव्यात दोनदा घेतली, याहून जास्त नको.

बालगीतात जोडाक्षरे नकोत, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. हत्ती, पिल्लू, चक्का, गट्टी हे शब्द मुले चवीने म्हणतात, कारण एकच व्यंजन दुप्पट होते आणि तोंडाला जोर येतो. अडतात ते ‘स्पर्श’, ‘निसर्गरम्य’ असे शब्द.

नादशब्द निवडताना वजन पाहावे. थेंब टपटप पडतात, मुसळधार पाऊस धो धो कोसळतो. बदक लुटुलुटु चालते, हत्ती तसा चालणार नाही. अतर्क्य गोष्ट मात्र कवितेत एकच ठेवावी. मुंगी बोलते हे एकदा मान्य केले की बाकी सगळे तिच्या तर्काने चालले पाहिजे. चंद्र, परी, बोलका पंखा, सगळेच एका कडव्यात कोंबले तर कशाचेच नवल वाटत नाही.

‘छान छान’, ‘गोड गोड’, ‘सुंदर सुंदर’ हे मात्रा भरायचे भुसकट दिसले की खोडावे आणि त्या जागी कृती आणावी. छान ससा डोळ्यांपुढे येत नाही, कान हलवणारा येतो. शेवटी चिकटवलेला उपदेशही काढून टाकावा. दात घासण्याची सूचना मुलांना दिवसभर ऐकू येतेच. निदान कवितेत तरी ती नको.

लांबी? दोन ते चार वर्षांच्या मुलांना चार ते सहा ओळी पुष्कळ झाल्या. पाच-सहा वर्षांच्यांना छोटी गोष्ट असेल तर बारा ओळीही चालतात.

तपासणी स्वतःच्या आवाजावर करू नये. आपल्याला चाल ठाऊक असते, त्यामुळे तोकडी ओळ आपण नकळत ताणून म्हणतो. ज्याने कविता ऐकलेली नाही अशा माणसाच्या हाती कागद द्यावा आणि तो कुठे थबकतो तिथे खूण करावी. मग मुलांसमोर म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबावे. ‘झाडावरचे उडले…’ म्हटल्यावर मुले ‘पक्षी!’ ओरडली तर यमक पक्के. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती हत्ती काढून दुसरे कुणीतरी घालतील. ‘शिंके मांजर’, ‘शिंके बाबा’ अगदी बरोबर बसते. ‘शिंके उंट’मध्ये एक मात्रा कमी पडते, मुले ती ‘उंऽट’ म्हणून स्वतःच भरून काढतात.