पट्टी कुठून कापलीस?

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी मी रॅटच्या ब्लॅडरची (मूत्राशयाची) पट्टी ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊतक जिवंत ठेवणाऱ्या भांड्यात, टांगायचे. पट्टी असेल जेमतेम नखाएवढी. दोन्ही टोकांना दोरा बांधायचा, एक टोक खालच्या हुकात, दुसरं ताण मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरला; पट्टी आवळली की नोंदीची रेघ वर, सैल झाली की खाली. क्रेब्सचं क्षारांचं द्रावण ३७ अंशांवर, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. एक ग्रॅमचा ताण देऊन तासभर नुसतं बसायचं, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदलत. (त्या तासात मी अख्खा डबा संपवायचे.)

मग कार्बॅकॉल नावाचं औषध टाकून पट्टी आवळायची आणि नसांतून सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनने ती सैल होते का ते बघायचं. माझी सैल होईना, उलट आणखी आवळली. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या द्रावणावर संशय घेतला, कारण उजेडात राहिलं की ते गुलाबी पडतं. चिमूटभर अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालून नवं केलं. रेघ पुन्हा वरच.

मॅडम आल्या, चष्मा कपाळावर चढवून पट्टीकडे वाकल्या. ''कुठून कापलीस गं?''

फाटेल या भीतीने मी खालून, ब्लॅडरच्या मानेलगतची (तोंडाजवळची) जाड कड घेतली होती. तिथे अल्फा-१ रिसेप्टर (पेशीवरचे, रसायन ओळखणारे रेणू) आवळायचं काम करतात. वरच्या पिशवीत, म्हणजे डिट्रूसर स्नायूमध्ये, बीटा रिसेप्टर. रॅटमध्ये बीटा-२ आणि बीटा-३ मिळून स्नायू सैल सोडतात. म्हणजे लघवी साठताना सिम्पथेटिक नस (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेतली) नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या एकाच रसायनाने पिशवी ढिली करते आणि तोंड आवळते. औषधशास्त्रज्ञ आलक्विस्टने १९४८ मध्ये रिसेप्टरांची अल्फा-बीटा अशी विभागणी केली, ती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. दुसऱ्या दिवशी एकाच ब्लॅडरच्या दोन पट्ट्या शेजारी लावल्या, तेव्हा एक रेघ खाली गेली, दुसरी वर. मानेच्या पट्टीला आधी अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन दिल्यावर तिचं वर जाणंही जवळपास थांबलं.

गेल्या वर्षी ताईची नसबंदी केलेली लॅब्रॅडॉर झोपेत गादी ओली करायला लागली. डॉक्टरांनी अल्फामार्फत ब्लॅडरचं तोंड आवळणारं फेनिलप्रोपॅनोलअमीन लिहून दिलं. चिठ्ठी वाचून मी एकदम म्हटलं, ''म्हणजे मानेची पट्टी!'' ताईला काहीच कळलं नाही. मला पुढची काळजी, अल्फा रक्तवाहिन्यांतही असतात, बीपी वाढेल. विचारायला तोंड उघडलं, तर डॉक्टर तिच्या पुढच्या पायाला बीपी मोजायचा कफ गुंडाळत होते.