सॉलोमन बर्क यांचा उतारवयातला आवाज

सोल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या ढंगातून घडलेले अमेरिकन कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत, गाणारे सॉलोमन बर्क यांचा ‘डोन्ट गिव्ह अप ऑन मी’ हा अल्बम २००२ साली आला. पुनरागमन म्हणून गाजलेल्या अल्बमांमध्ये इतका संयमी अल्बम माझ्या ऐकण्यात दुसरा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावात या संगीताचे श्रोते शोधूनही सापडणार नाहीत. तरी भजनाची गोडी असलेल्या प्रत्येकाने तो ऐकावा, असे मला मनापासून वाटते.

बर्क मूळचे फिलाडेल्फियाचे. लहानपणीच चर्चमध्ये प्रवचन करू लागलेल्या या गायकाने १९६०च्या दशकात अटलांटिक रेकॉर्ड्ससाठी ‘क्राय टू मी’सारखी गाणी गायली आणि चर्चमधल्या गाण्याची आर्तता लौकिक प्रेमगीतांत आणली. पुढे ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन यांची नावे मोठी झाली आणि बर्क मुख्यतः जाणकारांच्या आठवणीत राहिले.

या अल्बमसाठी निर्माते जो हेन्री यांनी बर्क यांच्याकडून जुन्या गाण्यांची उजळणी करून घेतली नाही. बॉब डिलन, टॉम वेट्स, व्हॅन मॉरिसन, ब्रायन विल्सन, निक लो अशा गीतकारांची गाणी त्यांच्यासमोर ठेवली आणि अवघ्या चार दिवसांत, वादक व गायक एकत्र बसवून, सारे ध्वनिमुद्रण उरकले. अल्बमची शैली या पद्धतीतूनच घडली आहे. वाद्यांची गर्दी नाही; जे बेलरोज यांचे ड्रम्स आवाजाला वाट देत चालतात. ऑर्गनवर बर्क यांच्या चर्चमधलेच रूडी कोपलँड आहेत, त्यामुळे गायक कुठे थांबणार आणि कुठे सूर चढवणार हे त्यांना आधीच उमगलेले असावे, असे ऐकताना सतत वाटते. वयाने जड झालेला बर्क यांचा आवाज शीर्षकगीतात जवळजवळ बोलण्यापर्यंत उतरतो, एखादा शब्द घासत नेतो आणि मग अचानक पूर्ण ताकदीने उसळतो. तरुणपणीच्या ध्वनिमुद्रणांत तो जोर पहिल्या ओळीपासून असे. इथे तो राखून ठेवलेला आहे, म्हणून अधिक लागतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन ज्यांनी मोझरीला किंवा आपल्या गावच्या प्रार्थनामंदिरात ऐकले आहे, त्यांना ‘नन ऑफ अस आर फ्री’ हे गाणे परके वाटणार नाही. बर्क ओळ टाकतात आणि ‘ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा’ हा गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते, गाणारा नामवंत गायकसंघ मागून झील धरतो. एकही माणूस बेडीत असेपर्यंत आपण कोणीच मुक्त नाही, असा त्याचा आशय आहे. उपदेश असूनही ते गाणे उपदेशासारखे ऐकू येत नाही, कारण गाणारे सगळे एकमेकांना ऐकत आहेत.

एल्विस कॉस्टेलो यांच्या ‘द जजमेंट’ या गाण्यात मात्र मला नाट्य जरा जास्त वाटते. बाकीच्या अल्बममध्ये जे न सांगता पोचते, ते इथे ठासून सांगितले जाते.

२००३ साली या अल्बमला समकालीन ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचे व्यथागीत) विभागात ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे बर्क यांना पुन्हा काम मिळत राहिले: २००६ मध्ये त्यांनी ‘नॅशव्हिल’ हा कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीताच्या, वळणाचा अल्बम केला आणि २०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर मृत्यू आला, तेव्हाही ते कार्यक्रमासाठीच निघालेले होते.