भोकातलं जुनं सोल्डर

उद्यमनगरातून आलेला एक ड्राइव्हचा बोर्ड आज टेबलावर होता. कॅपॅसिटर निघाला, पण ग्राउंडच्या भोकातलं सोल्डर हलेना. कारण साधं आहे: ते भोक आतल्या तांब्याच्या थराला जोडलेलं असतं, दिलेली उष्णता तो थर ओढून घेतो. म्हणून सोल्डरिंग आयर्नचं बिट, म्हणजे तापणारं टोक, ४५० अंशांवर नेलं तर सोल्डर तसंच राहतं आणि पॅड, म्हणजे भोकाभोवतीची तांब्याची चकती, उचकटतं. हॉट एअरने बोर्ड आधी १०० अंशांपर्यंत तापवायचा, रुंद बिट लावायचं, ३५० पुरे.

आणि जुनं काढण्याआधी नवं ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर भरायचं. उलटं वाटतं खरं, पण बोर्डवरचं जुनं सोल्डर लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं असेल तर ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, शिशाचं १८३ पासूनच. मिसळलं की लवकर पातळ होतं, शिवाय ताजा फ्लक्स (धातूवरचा गंज काढून सोल्डर वाहतं ठेवणारा पदार्थ) मिळतो. मग एका बाजूने बिट, दुसऱ्या बाजूने सोल्डर ओढणारा पंप. उरलंसुरलं सोल्डर फ्लक्स लावलेल्या विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी), नाहीतर भोक तापवून स्टेनलेसच्या सुईने. तिला सोल्डर सहसा चिकटत नाही.

ड्रिल मात्र अजिबात नको राव! भोकाच्या आतला तांब्याचा मुलामा जेमतेम २५ मायक्रॉनच्या आसपास असतो. तो खरवडला की वरच्या-खालच्या ट्रॅकचा संबंध तुटतो. नवा पार्ट बसवण्याआधी दोन्ही बाजूंच्या पॅडवर मल्टीमीटरचा बीप घ्या.