पाच शिक्क्यांची चिठ्ठी

बंदर म्हटलं की लोकांना जहाज दिसतं, मला गेट दिसतं. एका बंदर प्राधिकरणाच्या ट्रॅफिक खात्यात होतो तेव्हा निम्मा वेळ गेटवरची भांडणं सोडवण्यातच जायचा.

आमचं लँडलॉर्ड मॉडेल होतं, म्हणजे जमीन, धक्के, चॅनल सगळं प्राधिकरणाचं आणि टर्मिनल चालवायला करारावर घेतलेला खाजगी ऑपरेटर. विकसनशील देशांत बऱ्याच ठिकाणी हेच चालतं, वर्ल्ड बँकेने त्यावर अख्खं टूलकिट काढलंय. करार वाढवायचा म्हणून स्टेकहोल्डर मीटिंग लावली, म्हणजे बंदराशी संबंध असलेल्या सगळ्यांची. कन्सल्टंटने पडद्यावर चौकोन दाखवला, कोणाचं वजन किती आणि कोणाला फरक किती पडतो. ट्रकवाले खालच्या कोपऱ्यात, पुढे शेरा, 'माहिती देत राहा'. खुर्च्याही त्यांना शेवटच्याच रांगेत.

पहिला तास आयातदार संघटनेचा. पेट्या (कंटेनर) अडकतात, नुकसान होतं, क्रेन वाढवा. आकडेही आणले होते आणि ते खरे होते. वर्ल्ड बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या बहुतेक बंदरांत माल सरासरी २० दिवसांच्या आसपास पडून राहतो असं आहे, मोठ्या आंतरराष्ट्रीय बंदरांत हेच ३-४ दिवस. ऑपरेटरचा माणूस मान डोलवत होता, कारण क्रेन वाढवायच्या तर कराराची मुदतही वाढवावी लागणार ना.

मग मागून एक ड्रायव्हर उठला. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, घामाने मऊ पडलेली, ती टेबलावर तळहाताने सरळ करत बसला आणि सगळे थांबले. गेटची चिठ्ठी होती. पाच शिक्के, प्रत्येकाखाली पेनाने लिहिलेली वेळ. दुसरा शिक्का संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांचा, तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाचा.

"साहेब, ह्या दोघांच्या मधे मी गाडीखाली झोपलो होतो."

तिसरा शिक्का शेतमाल तपासणीचा. ते ऑफिस पाचला बंद होतं. गेट २४ तास, टर्मिनल २४ तास, पण हे खातं दुसऱ्या मंत्रालयाचं, त्यांना आम्ही मीटिंगला बोलावलंच नव्हतं! (यादी मीच केली होती, चौकोनात त्यांचं नावही नव्हतं.) क्रेन दुप्पट केल्या असत्या तरी तो गाडीखालीच झोपला असता.

इथे थांबला असता तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण तो आयातदारांच्या रांगेकडे हात करून म्हणाला, "आणि पेटी मोकळी झाली तरी हेच लोक फोन करून सांगतात, आज नको, गोदाम भरलंय, शनिवारी काढ."

एकदम शांतता. कोणीतरी चहा मागवला.

जेवणाच्या सुट्टीत मी सिस्टीममधून यादी काढली. ड्युटी भरलेल्या, कस्टम्सने सोडलेल्या, फक्त गाडी यायची बाकी अशा पेट्या. पानं उलटतोय तरी संपेना. कारण साधं आहे, बंदरातल्या यार्डात पेटी ठेवायचं भाडं बाहेरच्या गोदामापेक्षा स्वस्त, मग बंदरालाच गोदाम करायचं. त्या वर्ल्ड बँकेच्या अभ्यासातही हे आहे, पण ते पान कोणी वाचून दाखवलं नाही. आणि भाड्याचे पैसे ऑपरेटरला, त्यातला वाटा आम्हाला. म्हणजे त्या हॉलमध्ये उशिराचा खरा त्रास ज्याला होता तो एकटाच मागच्या रांगेत होता.

दुपारी मी फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, कमी करून त्यापुढचं भाडं चढतं ठेवायचं सुचवलं. सकाळी घाई घाई म्हणणारी संघटना लगेच म्हणाली, अभ्यास करावा लागेल. तपासणीच्या वेळांबद्दल बोललो, तर डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) व्यापार सुलभीकरण कराराचा विषय निघाला. २०१७ पासून लागू आहे, सीमेवरच्या खात्यांनी आपसात समन्वय ठेवावा असं त्यात कलमच आहे आणि त्यासाठी राष्ट्रीय समितीही लागते. समिती आमच्याकडेही होती, कागदावर.

तीन महिन्यांनी त्या ऑफिसची रात्री दहापर्यंतची शिफ्ट सुरू झाली, तीही त्यांच्या एका अधिकाऱ्याला मी ती चिठ्ठी नेऊन दाखवली म्हणून. भाड्याचा प्रस्ताव मी असेपर्यंत तरी 'विचाराधीन'च होता.

मीटिंगच्या दिवशी संध्याकाळी मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, मलाच टाईप करायचे होते. वरून आलेल्या मसुद्यात वाक्य होतं, 'वाहतूकदार प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले.' मी ते खोडलं. सकाळी फायनल कॉपीत ते परत होतं.